वणव्यावर नजर ठेवणारी डोंगरावरची खोली: ती काम कसं करायची, आणि ऐन उन्हाळ्यात तिथवर चालत कसं जायचं

जुलै उजाडला की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वणव्यांच्या बातम्या सुरू होतात. कुठे आग लागली, किती एकर जळलं, धूर उद्या कुठल्या गावावर येणार. नेमक्या याच दिवसांत सिअॅटलकडची मराठी घरं पुण्या-नाशकाहून आलेल्या आईबाबांना घेऊन माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानातल्या सनराइजला जातात. तिथून दीडेक तास चाललं की एका खडकाळ सोंडेवर दुमजली लाकडी खोली लागते. वरच्या मजल्याला चारी बाजूंनी खिडक्या आणि भोवती फिरता येईल असा सज्जा. ही माउंट फ्रीमाँटची फायर लुकआउट, म्हणजे वणव्याची टेहळणी चौकी. पुढे नुसतं ‘चौकी’ म्हणू.

बहुतेक लोक सज्ज्यावर चढतात, रेनियरसोबत फोटो काढतात आणि उतरतात. ही खोली नेमकं काय करायची? पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दरीतून निघालेल्या धुराच्या रेघेचा पत्ता खोलीत बसलेला एकटा माणूस कसा काढायचा? आणि उपग्रहांच्या काळात त्याची गरज उरली आहे का?

आधी साधा प्रश्न: वर गार का?

डोंगरावर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो, मग गरम का होत नाही, हे मोठी माणसंही विचारतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, दोन किलोमीटरने काही बिघडत नाही. हवा तापते ती मुख्यतः खालून. ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन लगतच्या हवेला. ती हवा वर चढली की दाब कमी मिळाल्याने पसरते, पसरण्यात तिची ऊर्जा खर्ची पडते आणि ती थंड होते. सरासरी हिशोब दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. कोरड्या, कडक उन्हाच्या दुपारी हा फरक नऊ अंशांच्या आसपासही जातो.

फ्रीमाँटची चौकी ७,१८१ फुटांवर, म्हणजे साधारण २,१८९ मीटरवर आहे. सिअॅटल जवळपास समुद्रसपाटीला. तिथे पारा ३० अंशांवर असेल तेव्हा चौकीपाशी १६ अंश धरून चालावं. सनराइजचा वाहनतळच ६,४०० फुटांवर (१,९५० मीटर) आहे. गाडीतून पाय खाली ठेवताच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६ मीटर) तीनशे मीटर उंच असता. हे आईबाबांना आधी सांगून ठेवावं, कारण पहिल्या चढालाच दम लागला की माणूस उगाच घाबरतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. दम लागणारच.

१६ अंश ऐकायला छान वाटतं, पण त्यात वारा धरलेला नाही. ही वाट जवळपास पूर्ण उघड्या धारेवरून जाते आणि चौकीच्या टोकाशी तर आडोसाच नाही. घामाने भिजलेला शर्ट आणि वारा एकत्र आले की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. दुसरीकडे अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गार वाटतंय म्हणून टोपी पिशवीत टाकणारे संध्याकाळी नाक सोलून घेऊन घरी येतात.

चौकी शिखरावर का नाही?

१९०५ साली अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली. पाचच वर्षांनी, १९१०च्या २० आणि २१ ऑगस्टला, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनच्या काही भागांत सुमारे ३० लाख एकर जंगल दोन दिवसांत जळालं. किमान ८५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवणारी होती. आधीपासून धुमसणाऱ्या अनेक लहान आगी वादळी वाऱ्याने एकत्र आल्या होत्या. वनसेवेने यातून काढलेला धडा सरळ होता: आग लहान असतानाच सापडली पाहिजे. आणि लहान आग सापडायची तर सतत पाहणारं कुणीतरी उंचावर हवं.

१९३०च्या दशकात मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना सरकारने सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या योजनेत कामाला लावलं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ सरळ घरी पाठवले जायचे. या तरुणांनी रस्ते, पायवाटा, टेलिफोनच्या तारा आणि शेकडो चौक्या उभ्या केल्या. फ्रीमाँटची चौकी १९३४ची. रेनियर उद्यानात अशा चार अजून उभ्या आहेत. बाकीच्या तीन टोल्मी पीक, गॉब्लर्स नॉब आणि श्रायनर पीकवर.

फ्रीमाँटला जाणाऱ्याच्या लक्षात येतं की चौकी डोंगराच्या माथ्यावर नाही, उत्तरेकडच्या एका सोंडेच्या टोकाला आहे. चौकीसाठी जागा निवडताना किती उंच यापेक्षा काय काय दिसतं याला महत्त्व. फार उंच जागा ढगात जाते, शिवाय उतार बाहेर फुगलेला असेल तर पायथ्याची दरी दिसतच नाही. प्रत्येक चौकीला काही आंधळे कोपरे असतातच. ते शेजारच्या चौकीने झाकायचे, अशी साखळी आखली जायची.

हे कोपरे ओळखण्यासाठी वनसेवेने १९३०च्या दशकात ओरेगॉन-वॉशिंग्टनमधल्या शेकडो जागांवरून चहूबाजूंचे फोटो काढून ठेवले. प्रत्येकी १२० अंशांचे तीन फोटो, कडेला अंशांच्या खुणा. कंट्रोल रूममधल्या माणसाने चौकीवाल्याचा आकडा ऐकला की तोच देखावा त्याच्यासमोर टेबलावर तयार. त्या काळी ही चैन नव्हे, कामाची गरज होती, कारण फोनवर ‘त्या दोन सुळक्यांच्या मधे’ असं सांगून कुणाला काही कळत नाही.

धूर दिसला. पण आहे कुठे?

दिसण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे. समजा तुमच्या गच्चीवरून मागच्या बाजूला कुठेतरी धूर दिसतोय. तो पुढच्या गल्लीत आहे की तीन गल्ल्या पलीकडे, हे एका गच्चीवरून कळत नाही. फक्त दिशा कळते. दुसऱ्या रस्त्यावर राहणाऱ्या मित्राला फोन करून त्याच्या गच्चीवरून धूर कुठल्या बाजूला दिसतो ते विचारा. नकाशावर तुमच्या घरापासून एक रेघ, त्याच्या घरापासून दुसरी. दोन्ही जिथे छेदतात तिथे धूर. चौकीचं सगळं शास्त्र एवढंच. बाकीची मेहनत ती रेघ अचूक ओढण्यात जाते.

त्यासाठी खोलीच्या मधोमध एक उपकरण असायचं, ऑस्बोर्न फायर-फाइंडर. वनसेवेतल्या विल्यम ऑस्बोर्न यांनी १९१०च्या दशकात ते तयार केलं आणि काही चौक्यांत ते आजही वापरात आहे. रचना अशी: एका उभ्या पायावर गोल तबकडी. तबकडीवर परिसराचा नकाशा, आणि नकाशावरची चौकीची जागा तबकडीच्या बरोबर मध्यबिंदूवर. भोवती लोखंडी कडं, त्यावर ० ते ३६० अंशांच्या खुणा. त्यावर फिरणाऱ्या भागाला समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या. डोळ्याजवळच्या पट्टीत बारीक भोक असतं. पुढच्या पट्टीच्या चौकटीत एक उभा केस ताणलेला असतो; खराखुरा घोड्याचा केस, कारण तो बारीक, सरळ आणि टिकाऊ. दोन्ही पट्ट्यांच्या मधे नकाशावरून जाणारी पोलादी फीत असते, तिच्यावर अंतराच्या खुणा.

धूर दिसला की भोकातून पाहत कडं फिरवायचं आणि तो केस धुराच्या तळावर आणायचा. तळावर, माथ्यावर नाही. धूर वाऱ्याने तिरका जातो आणि वरचा लोट आगीपासून किलोमीटरभर सरकलेला असू शकतो. मग अंश वाचायचे. अंशाचे भाग वाचायला व्हर्नियर पट्टी असते, तीच आपण अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत वैतागून वाचलेली. डोळ्याजवळचं भोक वरखाली सरकवून धूर क्षितिजापासून किती वर किंवा खाली आहे तोही कोन घ्यायचा. शेवटी पोलादी फितीखालचा नकाशा पाहायचा: ही रेघ कुठल्या दरीवरून, कुठल्या धारेवरून जाते?

अनुभवी माणूस इथेच बरंच ओळखतो. धूर जवळच्या धारेच्या मागून येतोय आणि लांबच्या धारेच्या पुढे आहे, एवढं कळलं तरी अंदाज दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात येतो. मग रेडिओवर कळवायचं: दिशेचा कोन, उभा कोन, नकाशावरचा चौकोन, धुराचा रंग, किती दाट, कुठे झुकतोय, तळ दिसतो की नाही. दुसऱ्या चौकीला तोच धूर दिसला की तिचाही कोन येतो आणि नकाशावर दोन दोरे ताणले जातात.

चूक कुठे होते?

एक अंशाची चूक क्षुल्लक वाटते. दहा किलोमीटरवर तिचे १७५ मीटर होतात, वीस किलोमीटरवर ३५० मीटर. घनदाट जंगलात ३५० मीटर म्हणजे मधे एखादा ओढा आणि चुकीच्या बाजूला उतरलेलं पथक.

सगळ्यात वाईट चूक वाचण्यातली नसते, मांडणीतली असते. तबकडी खऱ्या उत्तरेशी जुळवलेली नसेल तर प्रत्येक वाचन तेवढ्याच अंशांनी चुकतं आणि चौकीवाल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जागा पक्की माहीत असलेल्या एखाद्या शिखरावर केस आणून आकडा ताडून पाहायची शिस्त असते. दुसरी अडचण खोलीच्या चौकटीची. धूर नेमका खिडकीच्या खांबामागे आला तर? त्यासाठी अख्खी तबकडी रुळांवर थोडी सरकवता येते. ती समांतर सरकते म्हणून कोन बदलत नाही. काही इंच सरकल्याने वीस किलोमीटरवर काही फरक पडत नाही.

दोन रेघा छेदण्याचा कोनही महत्त्वाचा. दोन चौक्या धुराकडे काटकोनात पाहत असतील तर छेदबिंदू टोकदार येतो. दोन्ही जवळपास एकाच बाजूने पाहत असतील तर रेघा एकमेकींना खेटून जातात. मग अर्ध्या अंशाच्या चुकीनेही बिंदू कितीतरी पुढेमागे सरकतो. अशा वेळी तिसरी चौकी शोधतात.

आणि खोटे धूर. पाऊस थांबल्यावर झाडीतून वर येणारी वाफ, दरीतून सुटलेला धुक्याचा तुकडा, कच्च्या रस्त्यावरच्या ट्रकची धूळ, फुललेल्या झाडांवरून उडणारे परागकण. पाच-दहा मिनिटं नजर ठेवली की फरक कळतो: धुकं वर जाऊन विरतं, धूळ रस्त्याच्या रेघेने पुढे पळते, धूर मात्र त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा निघतो. पाहणारा एकटक बघत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळा परिसर पट्ट्यापट्ट्याने, आधी जवळचा आणि मग दूरचा असा, साध्या डोळ्यांनी फिरून पाहतो. दुर्बीण शंका आल्यावर.

वादळात अशा ठिकाणी कोण बसतं?

तोच माणूस, आणि त्याच्या कामाची खरी वेळही तीच. या भागातल्या दुर्गम आगींपैकी बऱ्याच विजेमुळे लागतात, त्यामुळे वीज कुठे पडली हे पाहणं हेच काम. खोलीच्या छपरावरून आणि कोपऱ्यांवरून जाड तांब्याच्या तारा खाली खडकात उतरवलेल्या असतात, म्हणजे वीज पडली तरी खोलीच्या बाहेरून जमिनीत जाते. आत चूल, पलंग वगैरे लोखंडी वस्तू त्याच तारांना जोडलेल्या. वादळ डोक्यावर आलं की माणूस चारी पायांना काचेच्या वाट्या बसवलेल्या लाकडी स्टुलावर बसतो किंवा उभा राहतो, कारण काच वीज वाहून नेत नाही. तिथूनच तो कोणत्या अंशावर वीज पडली ते टिपत राहतो.

वीज पडली की लगेच आग दिसतेच असं नाही. झाडाच्या पोकळ बुंध्यात किंवा पालापाचोळ्याच्या थरात निखारा अनेक दिवस धुमसतो आणि कोरडा वारा सुटला की पेट घेतो. म्हणून वादळाच्या दिवशी टिपलेल्या जागा पुढचा आठवडा-दोन आठवडे रोज तपासल्या जातात.

हे वाचून कुणी फ्रीमाँटला वादळ पाहायला जाऊ नये. तारा आणि स्टूल तिथे मुक्कामी असलेल्या माणसासाठी होतं. सज्ज्यावर उभा असलेला फिरस्ता त्या सोंडेवरची सगळ्यात उंच वस्तू असतो.

आता उपग्रह आहेत ना?

आहेत, आणि खूप उपयोगी आहेत. पण काय दिसतं ते नीट समजून घ्यावं. व्हीआयआयआरएस हा संवेदक बसवलेले उपग्रह पृथ्वीच्या ध्रुवांवरून फिरतात आणि एका जागेवरून दिवसातून साधारण दोनदा जातात. ते उष्णता पाहतात, आणि त्यांचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूचा. त्या चौकोनात बुंधाभर निखारा असेल तर त्याची उष्णता बाकीच्या जंगलात मिसळून जाते. विषुववृत्तावर एका जागी स्थिर दिसणारे उपग्रह अमेरिकेचं चित्र दर पाच मिनिटांनी पाठवतात, पण त्यांचा ठिपका दोन किलोमीटरचा. वर ढग आला की दोघांचंही पाहणं संपलं. धूर मात्र आग मोठी होण्याआधी दिसतो, आणि तिरक्या कोनातून पाहणाऱ्याला ढगाखालूनही दिसतो.

मधला मार्ग म्हणजे कॅमेरे. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या अलर्टकॅलिफोर्निया जाळ्यात हजाराहून जास्त कॅमेरे डोंगरमाथ्यांवर बसवलेले आहेत आणि २०२३पासून त्यांच्या चित्रांत धूर शोधायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते. गंमत अशी की कॅमेऱ्यालाही तीच उंच, उघडी जागा लागते, आणि एका कॅमेऱ्यालाही फक्त दिशाच कळते. दोन कॅमेऱ्यांच्या रेघा छेदाव्याच लागतात. घोड्याचा केस गेला, भूमिती तीच राहिली.

अमेरिकेत आता माणूस बसवलेल्या चौक्या काही शेच उरल्या आहेत. फ्रीमाँटला वणव्यासाठी कायमचा पहारा नाही. जिथे जंगल विस्तीर्ण, मोबाइलची रेंज नाही आणि पथकांना रेडिओचा निरोप पुढे पोचवायलाही कुणी हवं, तिथे माणूस अजून स्वस्त आणि भरवशाचा पडतो. माझ्या मते ‘माणूस की यंत्र’ हा वादच चुकीचा आहे. खरा प्रश्न हा की पहिला धूर किती मिनिटांत आणि किती अचूक कळतो.

आपल्याकडेही हेच मिश्रण आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवतं, पण मेळघाट-ताडोबात वॉच टॉवर, हंगामी अग्निरक्षक आणि उन्हाळ्याआधी काढलेल्या जाळरेषा यांच्याशिवाय काम चालत नाही. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, जिथे आगीला खायला काही मिळत नाही. मोठा फरक कारणाचा. आपल्याकडचे वणवे आकाशातून क्वचितच पडतात. मोहफुलं वेचायला सोपी जावीत, तेंदूला कोवळी पानं फुटावीत, पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून पेटवलेली काडी, नाहीतर टाकलेली विडी. म्हणून आपल्याकडे टेहळणीपेक्षा गावाशी बोलणं जास्त आगी वाचवतं.

प्रत्येक आग विझवायलाच हवी का?

चौक्यांच्या कथेतला हा अडचणीचा भाग. १९३५ साली वनसेवेने नियमच केला: कळलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. चौक्या, पथकं, नंतर विमानं, सगळं त्या नियमाभोवती उभं राहिलं. काही दशकं तो यशस्वीही वाटला. पण कोरड्या पाइन जंगलांत दर काही वर्षांनी येणारी जमिनीलगतची लहान आग पाचोळा आणि खुरटी झुडपं साफ करायची. ती थांबल्यावर सरपण साचत गेलं आणि नंतर लागलेली आग थेट शेंड्यांपर्यंत चढू लागली. राष्ट्रीय उद्यान सेवेने १९६८मध्ये आणि वनसेवेने १९७८मध्ये धोरण बदललं: काही आगी नजरेखाली जळू द्यायच्या.

याचा अर्थ चौकी निरुपयोगी ठरली असा नाही. जळू द्यायची आग तर जास्तच बारकाईने पाहावी लागते. आणि रेनियरच्या ओल्या पश्चिम उतारावर शेकडो वर्षांत एखादी मोठी आग येते, तिथे पाइनच्या जंगलाचा हिशोब लागू होत नाही. सरसकट नियम दोन्ही बाजूंनी चुकतात.

प्रत्यक्ष चालायचं तर

सनराइजचा रस्ता साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि शरद ऋतूत बर्फ पडला की बंद होतो. चालायला उत्तम काळ मध्य जुलै ते सप्टेंबर. सिअॅटलहून गाडीने साधारण अडीच तास. शनिवार-रविवारी वाहनतळ सकाळीच भरतो आणि प्रवेशद्वारावर रांग लागते, त्यामुळे पहाटे निघणं हाच उपाय. काही वर्षी प्रवेशाची वेळ आगाऊ नोंदवावी लागली आहे, म्हणून उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम पाहून घ्यावा.

जाऊन-येऊन ५.६ मैल, म्हणजे ९ किलोमीटर. सुरुवात आणि टोक यांच्या उंचीत साधारण ८०० फुटांचाच फरक, पण मधे उतार असल्याने प्रत्यक्ष चढ त्याहून जास्त भरतो. परतताना शेवटच्या टप्प्यात पुन्हा चढ लागतो आणि तोच जिवावर येतो. वाहनतळामागून निघून सावरडो रिजच्या धारेवर चढायचं आणि डावीकडे वळायचं. चढ इथेच सगळ्यात खडा. इथे दमलात म्हणून पुढे जमणार नाही असं समजू नये. दीडेक मैलावर फ्रोझन लेक येतं. ते कुंपणाआड आहे, कारण सनराइजला पिण्याचं पाणी तिथून जातं. अर्थ असा की वाटेत तुम्हाला पाणी मिळणार नाही. माणशी दोन लिटर घरूनच घ्यावं. तळ्याजवळ पाच वाटा एकत्र येतात. पाटी वाचून फ्रीमाँटची, उत्तरेला जाणारी वाट धरावी. शेवटचा सव्वा मैल दगडांच्या घसरणीवरून आडवा जातो. वाट अरुंद आहे, उंचीची भीती असणाऱ्याने डोंगराच्या बाजूने चालावं आणि समोरून येणाऱ्याला थांबून जाऊ द्यावं.

उद्यान धरतं त्याप्रमाणे तीन तास पुरतात. साठीच्या पुढची मंडळी बरोबर असतील तर पाच धरावेत. अमेरिकेत पोचून दोनच दिवस झालेल्या आईला जेट लॅगमध्ये थेट इथे आणू नये. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर ‘आता आलंच जवळ’ म्हणत पुढे ढकलू नये. खाली उतरलं की बरं वाटतं. आणि फ्रोझन लेकपर्यंत जाऊन परतणं हीसुद्धा पूर्ण सहल आहे.

कपड्यांत जीन्स टाळा, भिजली की सुकत नाही. आत घाम सुकवणारा टीशर्ट, वर एक लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, पिशवीत वारा अडवणारं जॅकेट. जॅकेट चौकीशी पोचल्यावर थंडी वाजली की नव्हे, धारेवर वारा लागताच घालायचं. जुलैच्या मध्यापर्यंत वाटेवर बर्फाचे पट्टे असू शकतात. सकाळी ते टणक आणि निसरडे असतात. उतार तीव्र असेल आणि खाली दगड असतील तर काठी नसताना ओलांडू नका. खायला धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम, गार झाल्या तरी लागतात. मात्र मार्मोट नावाचा लठ्ठ प्राणी पिशवीशी येऊन बसेल, त्याला काही घालू नका. डोंगरी बकऱ्या दिसल्या तर किमान २५ यार्ड लांब राहा. त्यांना मिठाची ओढ असते, घामेजलेला पट्टासुद्धा चाटायला येतात, आणि शिंगं खोटी नसतात. फोटोसाठी गवतात उतरू नका. इथला हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, तुडवलेलं रोप परत उभं राहायला वर्षानुवर्षं लागतात.

गडगडाट ऐकू आला की परत फिरायचं, चौकी पन्नास पावलांवर असली तरी. धुराच्या दिवशी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) १५०च्या वर असेल तर बेत रद्द करा. उंचावर धूर नसतो हा समज चुकीचा आहे. दूरच्या वणव्याचा धूर बऱ्याचदा याच उंचीवरून वाहत येतो.

वाटेत तुम्हालाच धूर दिसला तर

आधी पाच मिनिटं पाहा, त्याच जागेवरून निघतोय का. मग रेंज असेल तर ९११ला फोन करा, नसेल तर सनराइजला परतताच रेंजरला सांगा. भारतात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. ‘डोंगराच्या मागे’ असं सांगू नका. तुम्ही उभे आहात त्या जागेचे अक्षांश-रेखांश, धुराची दिशा अंशांत, तळ दिसतो का, रंग कोणता, कुठे झुकतोय, एवढं द्या. शक्य असेल तर अर्धा-एक किलोमीटर चालून दुसऱ्या जागेवरून पुन्हा दिशा घ्या. दोन कोन म्हणजे दोन रेघा, मात्र धूर लांब असेल तर रेघा फार अरुंद छेदतील हे लक्षात ठेवा.

इथे सह्याद्रीत फिरलेल्या माणसाची हमखास फसगत होते. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक असतो, त्यामुळे आपण तो विचारातच घेत नाही. रेनियरच्या परिसरात सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण १५ अंश पूर्वेला वळते. ही दुरुस्ती राहिली तर दहा किलोमीटरवरची आग नकाशावर अडीच किलोमीटरहून जास्त बाजूला पडते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कंपासखाली ‘ट्रू नॉर्थ’चा पर्याय आहे, तो घरून निघतानाच सुरू करून ठेवा. साधं होकायंत्र असेल तर वाचलेल्या आकड्यात १५ मिळवा, आणि आपण मिळवले आहेत हे फोनवर सांगा.